सत्त्याऐंशी वेळा गैरहजर

परीक्षेच्या दिवशी सकाळी कायद्याच्या कॉलेजच्या पायऱ्यांवर जी पोरं बसलेली असतात त्यांना कायदा किती येतो ते देव जाणे, पण आपण किती तास अभ्यास केला ते मात्र तोंडपाठ असतं. कोणी रोज आठ तास केलेला असतो, कोणी दहा. बारा तासवालाही एखादा असतोच, आणि बाकीचे त्याच्याकडे तो मोठं व्रत करून आल्यासारखे बघतात. सेवेरो बासान तेहतीस वर्षं किल्ल्यांचा जुडगा वाजवत या पायऱ्या चढत आला, आणि तेहतीस वर्षं हे तास ऐकून त्याच्या ओठाचा डावा कोपरा वाकडा होत आला.

“अकरा तास, डॉन सेवेरो,” फाब्रिसिओ नावाचा पोरगा जुलैच्या परीक्षेला त्याला म्हणाला होता; आमच्याकडे वडीलधाऱ्याला मानाने डॉन म्हणतात. “रोज. सलग दोन महिने. डोळे बघा माझे.”

“बघितले. अकरा तास बसायला काय लागतं? वर्गातल्या खुर्च्या चोवीस तास बसून असतात. त्यातली एकही अजून वकील झाली नाही.”

पोरं हसली. फाब्रिसिओही हसला, कारण तो या विषयाला तिसऱ्यांदा बसत होता आणि हसण्यावाचून त्याच्या हातात काही उरलं नव्हतं. त्याचे अकरा तास कुठे जातात ते सेवेरोला ठाऊक होतं, वाचनालयाची किल्ली त्याच्याचकडे असे. दीड तास आमच्या त्या नळीने ओढायच्या कडू चहाचं पाणी गरम करण्यात, आणखी तासभर ते कोमट झालं म्हणून पुन्हा गरम करण्यात. दोन तास झेरॉक्सच्या गठ्ठ्यावर पिवळ्या पेनाने रेघा मारण्यात, मग सगळंच पान पिवळं झालं म्हणून त्यातलं महत्त्वाचं तेवढं गुलाबी करण्यात. उरलेला वेळ आपण किती दमलो ते एकमेकांना सांगण्यात. याला ही पोरं अभ्यास म्हणत, आणि त्यांच्या आया गावाकडे शेजारणींना सांगत की पोराची हाडं दिसायला लागली.

सेवेरोचा स्वतःचा सिद्धांत ठाम होता आणि तो न विचारताही सांगत असे. पहिल्या वर्षाची पोरं मार्चमध्ये आईबापांना घेऊन त्याच्या खिडकीशी यायची. एखादी आई भीत भीत विचारायची की साहेब, याने रोज किती वेळ अभ्यास करायचा. साहेब म्हटल्यावर सेवेरो खुर्चीतल्या खुर्चीत दोन बोटं उंच व्हायचा.

“एक तास. पण रोज. सण असो, मयत असो, एक तास. आणि एकही प्रकरण गाळायचं नाही. प्रकरण गाळतो तो चोर.”

चीड आणणारी गोष्ट अशी की सल्ला खरा होता. एका मुलीने तर तो अक्षरशः पाळला. मारिसेल काम्पेरो तिचं नाव. पहाटे बेकरीत काम करायची, दुपारी तिला बसायला जागा नव्हती, म्हणून सेवेरोने आपल्या खोलीतल्या बाकावर बसू दिलं. चार वर्षं ती रोज दोन ते तीन त्याच्यासमोर बसून वाचत राहिली. तिने बारा तासवाल्यांना मागे टाकलं, वकील झाली, आणि आता याच कॉलेजात दिवाणी दाव्यांचा विषय शिकवत होती. सेवेरो हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, आणि असं सांगे की ऐकणाऱ्याला वाटावं, बाईला पदवी मिळाली ती बाकामुळेच.

दोन ते तीन हा सेवेरोचाही तास. त्या वेळी आमच्या तुकुमान शहरात कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत. तो खोलीचं दार लोटून घेई, बाहेर ‘अभ्यास चालू आहे’ अशी पाटी अडकवी आणि दिवाणी दाव्यांचं जाडजूड पुस्तक उघडी. पहिली दहा मिनिटं चष्मा पुसण्यात जात. मग पेन्सिलीला टोक. मग पहिलं प्रकरण, कारण पाया पक्का हवा. पहिल्या प्रकरणाच्या तिसऱ्या पानावर हनुवटी छातीला टेके. तीनच्या घंटेची वेळ झाली की तो दचकून उठे, पुस्तकात खूण घाली, आणि त्या तासाच्या जोरावर उरलेला दिवस दुसऱ्यांना तुच्छ लेखी. एकोणतीस वर्षांत ती खूण तिसऱ्या पानावरून चौथ्यावर गेली नाही.

कारण सेवेरो हाही विद्यार्थीच होता. उसाच्या गावातून आला होता, बाप कारखान्यात पोती उचलायचा. शिकता शिकता कॉलेजातच ही नोकरी धरली, पदवी मिळेपर्यंत म्हणून. कागदोपत्री हुद्दा शिपायापेक्षा पायरीभर वरचा होता: वर्ग उघडायचे, घंटा द्यायची, परीक्षेच्या याद्या लावायच्या, निकालाच्या वहीत शेरे भरायचे. एकेक करत सगळे विषय सुटले आणि दिवाणी दावे तेवढे राहिले. ‘एकच विषय राहिलाय’ असं म्हणणारी माणसं आमच्याकडे टॅक्सीत भेटतात, नगरपालिकेच्या खिडकीत भेटतात, मटणाच्या दुकानात सुरी पाजळताना भेटतात. हे वाक्य म्हणत म्हणत ती साठीला येतात.

वर्षाला परीक्षा तीन, फेब्रुवारी, जुलै आणि डिसेंबर. दर वेळी सेवेरो यादीत आपलं नाव घाली. नाव घातलं की त्याला बरं वाटे. परीक्षेच्या दिवशी तो वर्गात असेच, पण उमेदवाराच्या खुर्चीत कधी नसे. संध्याकाळी वही भरताना स्वतःच्या नावापुढे, स्वतःच्या सुबक अक्षरात तो लिही: ‘गैरहजर’. एकोणतीस वर्षांत सत्त्याऐंशी वेळा. माणूस सबंध दिवस त्याच खोलीत उभा आणि तरी गैरहजर, हे या कॉलेजात दुसऱ्या कोणाला जमलेलं नाही.

निल्दाशी लग्न ठरलं तेव्हाही एकच विषय राहिला होता. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. “एका घरात दोन दोन विद्यार्थी कसे चालतील?” सेवेरो तेव्हा म्हणाला. “माझा एकच तर विषय. आधी मी होतो, मग तू.” तिने वह्या दोरीने बांधून कपाटावर ठेवल्या आणि शाळेच्या मुलांच्या गणवेशाचे पांढरे डगले शिवायला घेतले. तिच्या बापाने लग्नात जावयाला पितळी पाटी करून दिली, ‘डॉ. सेवेरो बासान, वकील’. आमच्याकडे वकिलालाही डॉक्टरच म्हणतात, त्यासाठी कोणाची नाडी बघावी लागत नाही. ती पाटी दहा वर्षं वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. मग एके दिवशी निल्दाने ती काढली, जेवणाच्या टेबलावर पालथी घातली, आणि तेव्हापासून गरम पातेलं ती तिच्यावर ठेवते.

आता नवव्या गोटीचं सांगायला हवं, कारण घोडं पेंड खातं ते तिथेच.

आमच्याकडे तोंडी परीक्षेला टेबलावर एक लाकडी पिंप असतं, भोपळ्याएवढं, आडव्या दांडीवर फिरणारं. एका बाजूला मूठ, पोटाला एक भोक. आत अभ्यासक्रमात जितकी प्रकरणं तितक्या लाकडी गोट्या, प्रत्येकीवर आकडा. मूठ फिरवायची आणि जी गोटी पडेल त्या प्रकरणावर उमेदवाराने तोंड उघडायचं. बाकीच्या विषयांना दोन गोट्या पाडून एक निवडू देतात. दिवाणी दाव्यांना मात्र कोणा जुन्या प्राध्यापकाने एकच गोटी ठरवली होती, आणि मेलेल्या माणसाचा नियम मोडायला इथे कोणी धजत नाही. मूठ फिरवायचा मान सेवेरोचा.

बावीस वर्षांपूर्वी नापास झालेल्या एका पोराने संतापून ते पिंप जमिनीवर आपटलं. चोवीस गोट्या चहूकडे पळाल्या. तेवीस सापडल्या, नववी पायऱ्यांवरून गटारात गेली. सेवेरोने कोणाला न सांगता मोडक्या टेबलाच्या पायातून नवी कोरली. लाकूड काळपट होतं आणि गोटी केसभर जाड झाली. भोकातून ती जात होती, पण पिंप सावकाश फिरवलं तरच. सेवेरो तर मूठ झटक्याने फिरवायचा, त्यात त्याची ऐट होती. झटक्यात जाड गोटी भोकावरून पुढे घसरायची आणि दुसरीच पडायची. त्यामुळे बावीस वर्षांत नववं प्रकरण कोणालाही आलं नाही.

पोरं एरवी कितीही मठ्ठ असोत, असल्या बाबतीत नसतात. चार वर्षांत बोलवा पसरली की नववं पडत नाही, सोडून द्या. सेवेरोच्या कानावर आलं की तो भडके, “प्रकरण गाळतो तो चोर.” का पडत नाही ते त्याला पक्कं ठाऊक होतं. कानशीने चार हात मारले असते तर गोटी सरळ झाली असती. पण त्यालाही वेळ लागला असता, आणि सेवेरोचा तास तर ठरलेला होता.

आणखी एक. हा पुस्तक न वाचलेला माणूस दिवाणी दाव्यांत मुळीच कच्चा नव्हता. इतकी वर्षं पिंपाशेजारी उभं राहून त्याने हजारो पोरांची उत्तरं ऐकली होती आणि प्राध्यापकांनी त्यांना मारलेल्या चपराकाही ऐकल्या होत्या. कोणतंही प्रकरण सांगा, तो ते प्राध्यापकांच्या आवाजात घडाघडा म्हणून दाखवी. एक नववं सोडून. बावीस वर्षांत ते पडलंच नाही, आणि त्याआधी कधी कानांवर आलं असेल तर तो ते केव्हाच विसरला होता.

यंदा सप्टेंबरात वरून कागद आला. जुना अभ्यासक्रम बंद. त्यातल्या उरल्यासुरल्यांना अठरा डिसेंबरची परीक्षा शेवटची, त्यानंतर पदवी हवी असेल तर पहिल्या वर्षापासून सुरुवात. कागद फळ्यावर लावायचं काम सेवेरोचंच. त्याने तो लावला, आणि त्याच्यावर फुटबॉलच्या सामन्याची, हरवलेल्या छत्रीची आणि रक्तदानाची अशा तीन सूचना टोचल्या.

पण मारिसेल आपल्या मुलीचा डगला शिवायला निल्दाकडे आली, आणि माप देता देता सहज म्हणाली, “डॉन सेवेरो बसताहेत ना अठराला? आता शेवटचीच आहे.” निल्दाच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने त्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या.

त्या रात्री जेवताना तिने विचारलं, “अठरा डिसेंबरला काय आहे?”

“मंगळवार असेल.”

“सेवेरो, अठ्ठावीस वर्षं शिवणकाम करतेय मी. विटलेलं कापड मला हात न लावता कळतं.”

त्याने पाव रश्श्यात बुडवला आणि बराच वेळ तसाच धरला. “या वयात वकील होऊन मी काय करणार आहे?”

“ते मला नको विचारूस. बाविसाव्या वर्षी नर्स होऊन मी काय केलं असतं, तेही मला कोणी विचारलं नव्हतं.” तिने पातेलं उचललं, खालची पाटी दिसेल असं. “पास हो, नापास हो, तुझं नशीब. पण बसायचं. त्या दिवशी तुझ्या हाताने ‘गैरहजर’ लिहिलंस तर ही पाटी तुझ्या थडग्यावर ठोकीन. पालथी.”

मग काही दिवस तिने त्याला रोज जेवणानंतर टेबलाशी बसवलं. ती पुस्तक धरून प्रकरणाचा आकडा सांगे आणि तो म्हणून दाखवी. पहिल्या आठवड्यात निल्दाला धक्काच बसला, कारण याला खरोखर येत होतं. बाविसावं, सतरावं, अकरावं, कुठेही बोट ठेवा. तिला वाटलं, आपण उगाच या माणसाला बोल लावत आलो. मग तिने नऊ म्हटलं.

“ते सोड,” सेवेरो म्हणाला.

“का?”

“ते पडत नाही.”

“गाळतो तो चोर असं सगळ्या गावाला सांगत फिरतोस ना?”

“ते पोरांसाठी.”

निल्दाने पुस्तक चाळलं. नवव्या प्रकरणाची पानं कोरी करकरीत, एकमेकींना चिकटलेली. मग पुस्तकातली खूण तिच्या बोटाला लागली. तिसरं पान. ती खूण लग्नाच्या वर्षीच्या सिनेमाच्या तिकिटाची होती. तिने पुस्तक मिटलं आणि त्यानंतर एक दिवसही त्याला बसवलं नाही. वाच म्हणून सांगणं तिच्या जिवावर आलं, आणि त्यालाही ते नको होतं. चौदा पानं होती ती. एका तासाचं काम.

अठरा तारखेला ती त्याच्याबरोबर निघाली. हातात कापडी पिशवी, पिशवीत डझनभर अंडी.

“अंडी कशाला?” बसमध्ये सेवेरोने विचारलं.

“लागली तर.”

आमच्याकडे शेवटचा विषय सुटला की बाहेर येणाऱ्याच्या डोक्यावर अंडी फोडतात, वरून मैदा ओततात, शर्ट फाडतात. मग नवा वकील तसाच गाडीच्या टपावर बसून गावभर मिरवतो आणि पायऱ्या धुतो सेवेरो. आमचा डिसेंबर भर उन्हाळ्याचा, त्या उन्हात अंडं दगडावर वाळलं की खरवडावं लागतं. ‘गाढवांना कायदा कळला तो एवढाच,’ असं तो खरवडताना म्हणत आला होता. पण त्या सकाळी बसमध्ये त्याने दोन-तीनदा स्वतःच्या केसांवरून हात फिरवला.

निल्दा बाहेर कडू संत्र्याच्या झाडाखाली थांबली. पायऱ्यांवर फाब्रिसिओ आणि कंपनी होती; ती नव्या अभ्यासक्रमाची, त्यांचा नंबर दुपारी. सेवेरो आत गेला आणि दार लागलं. टेबलामागे मारिसेल होती आणि तिच्या शेजारी फोनमध्ये डोकं घातलेला एक तरुण परीक्षक.

“बसा, डॉन सेवेरो,” मारिसेल म्हणाली. “आज पिंप राहू द्या. आवडेल त्या प्रकरणापासून सुरू करा.”

अशी सवलत प्राध्यापक कधीकधी वयस्कर उमेदवारांना देत. सेवेरो अशांना ‘दयेचे वकील’ म्हणे आणि जिन्यात त्यांना वाट देत नसे.

“नाही बाई. सगळ्यांना गोटी, तर मलाही गोटी.”

वाक्य झोकदार होतं, आणि म्हणायला काही खर्चही नव्हता. तेवीस प्रकरणं जिभेवर होती आणि उरलेलं नववं पडत नव्हतं. तो सवयीने उठला आणि मुठीला हात घालू लागला.

“तुम्ही कसे फिरवणार? तुम्ही उमेदवार आहात.” मारिसेलने पिंप आपल्याकडे ओढलं. तिने ते आजवर कधी फिरवलेलं नव्हतं. समोर बसलेल्या माणसाचा मान राखून तिने ते हलक्या हाताने, सावकाश फिरवलं.

झटक्याने फिरवा बाई, असं सेवेरोच्या ओठांवर आलं होतं. पण का, असं तिने विचारलं असतं तर काय सांगणार होता? गोट्या आत घरंगळत होत्या. एक भोकाशी अडली, जरा रेंगाळली आणि टेबलावर पडली. काळपट होती. आकडा वाचायची त्याला गरज नव्हती.

“नऊ,” मारिसेल म्हणाली, आणि गोटी बोटांत फिरवत राहिली. “सहा वर्षं या खुर्चीत बसतेय. नऊ मी पहिल्यांदाच बघतेय.” तिने गोटी भोकाला लावून पाहिली. अडली. दाबली तेव्हा आत गेली. तिने ती पुन्हा बाहेर काढली आणि समोर बघितलं. सेवेरो आपल्या गुडघ्यांकडे बघत होता.

“तुम्ही केलीत ही?”

“जुनी हरवली होती.”

“केव्हा?”

“बावीस वर्षं झाली.”

तरुण परीक्षकाने फोन खाली ठेवला. वर पंखा कुरकुरत होता.

“आमच्या वेळी सगळे नववं सोडायचे,” मारिसेल म्हणाली. “मी वाचलं होतं. तुमच्यासमोर बाकावर बसून गाळायची माझी हिंमत झाली नाही.”

तिने शिव्या दिल्या असत्या तर सेवेरोला बरं वाटलं असतं.

“परत टाकू या की आत,” तरुण परीक्षक म्हणाला. “पिंपातच बिघाड म्हणायचं. माणूस घरचाच आहे.”

मारिसेलने गोटी टेबलावर ठेवली. सेवेरोचा हात टेबलावरून गोटीकडे अर्ध्यापर्यंत गेला. एक झटका, आणि तेवीसपैकी कोणतीही. जुलैत फाब्रिसिओने रडवेल्या तोंडाने दुसरी गोटी मागितली होती, तेव्हा सेवेरोनेच त्याला सांगितलं होतं की ही काय जत्रेतली फुगेवाली आहे का, रंग आवडला नाही म्हणून बदलून द्यायला? तरीही हात पुढे गेला असता. पण मारिसेल त्या हाताकडे बघत होती. लाजेने तो मागे आला. प्रामाणिकपणा वगैरे म्हणायचं असेल तर ज्याने त्याने म्हणावं.

“नऊ म्हणजे नऊ,” तो म्हणाला.

“दावा आपोआप निकालात निघणं. सांगा.”

“म्हणजे दावा दाखल केला... आणि पुढे कोणी काही केलंच नाही. नुसता पडून राहिला.”

“बरोबर. मग?”

“मग तो मरतो.”

“किती काळ पडून राहिला तर?”

“बराच काळ.”

“कायद्यात आकडा आहे, डॉन सेवेरो.”

त्याने पंख्याकडे बघितलं, पिंपाकडे बघितलं, तेहतीस वर्षांत ऐकलेले सगळे आवाज आठवून बघितले. हा आकडा सांगणारा आवाज त्यात सापडला नाही.

“गैरहजर लिहू?” मारिसेलने हळूच विचारलं. “तुम्ही आलाच नाहीत असं. नापासाचा शिक्का तरी लागणार नाही.”

“मी बसलोय ना इथे,” सेवेरो चिडून म्हणाला.

तिने वहीत दहापैकी दोन लिहिले, पुढे ‘नापास’. एकोणतीस वर्षांत त्या नावापुढे दुसऱ्या कोणाच्या हातचं अक्षर पहिल्यांदाच पडलं. शाई वाळेपर्यंत सेवेरो थांबला आणि सवयीप्रमाणे वही त्यानेच मिटली.

बाहेर ऊन पायऱ्यांच्या मध्यापर्यंत आलं होतं. निल्दा झाडाखालून निघून दोन पायऱ्या वर आली.

“किती?”

“दहापैकी दोन.”

“म्हणजे नापास.”

“नापास.”

“कोणतं पडलं?”

“नऊ.”

तिने त्याच्याकडे एकदा नीट बघून घेतलं. मग पिशवीत हात घातला, एक अंडं काढलं आणि त्याच्या डोक्यावर हाणलं. लाडाने फोडतात तसं नव्हे. अठ्ठावीस वर्षं कात्री धरलेला हात होता, कवटीवर टणक आवाज झाला आणि बलक चष्म्यावरून मिशीत उतरला.

पायऱ्यांवरच्या पोरांनी एवढंच बघितलं. अंडं म्हणजे पास. ती ओरडत उठली, टाळ्या वाजवू लागली, “डॉक्टर बासान, डॉक्टर बासान” सुरू झालं, कोणीतरी मैद्याची पुडी आणून त्याच्या खांद्यावर रिकामी केली. सेवेरो मध्येच उभा होता. खोटं आहे असं तो म्हणाला नाही, खरं आहे असंही म्हणाला नाही. निल्दाने त्या सगळ्यांकडे, नवऱ्यासकट, भाजीतली कीड बघावी तसं बघितलं. एका पोराने तिच्या पिशवीकडे हात लांबवला तेव्हा तिने पिशवी मागे ओढली. अकरा राहिली होती, रात्रीच्या आम्लेटला पुरेशी.

मग सेवेरो आत गेला आणि बादली आणि ब्रश घेऊन आला. अंडं वाळण्याआधी धुतलेलं बरं असतं, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? पायरीवर गुडघे टेकून तो घासू लागला. त्याच्या मिशीतला बलकही आता सुकायला लागला होता.

फाब्रिसिओ त्याच्याशेजारी उकिडवा बसला. “डॉन सेवेरो, आता तरी खरं सांगा. किती तास केलात? आणि ते रोज एक तासाचं पुराण नको.”

सेवेरोचा ब्रश थांबला. ओठाचा डावा कोपरा वाकडा होईल म्हणून फाब्रिसिओ वाट बघत होता, पण तो झाला नाही.

“एकही नाही,” तो म्हणाला.

“एकही नाही?”

“एकही नाही. सरक, पाय काढ तिथून.”

फाब्रिसिओ उड्या मारत बाकीच्यांकडे पळाला. संध्याकाळपर्यंत समोरच्या बारमध्ये सगळ्यांना कळलं होतं की म्हातारा एकही तास अभ्यास न करता वकील झाला. उद्यापासून नेटाने बसायचं ठरवलेल्या तिघांनी तो बेत फेब्रुवारीवर ढकलला.

निल्दा दोन पायऱ्या खाली उभी होती, तिनेही ते ऐकलं. लग्नाआधीपासून ती या माणसाच्या अभ्यासाबद्दल ऐकत आली होती, आणि त्यातली ही पहिलीच गोष्ट तिला खरी वाटली. पिशवी मांडीवर घेऊन ती कोरड्या पायरीवर बसली आणि त्याचं घासून होईपर्यंत थांबली.